एनएफएचएसची फाईल पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी: परवानगीपासून विश्वासार्ह तक्त्यापर्यंत

माझा एमपीएचचा (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) प्रबंध महाराष्ट्रातल्या बायकांच्या रक्तक्षयावर, म्हणजे ॲनिमियावर होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची (एनएफएचएस-५, २०१९-२१) फाईल मिळाली, महाराष्ट्र निवडला, टक्केवारी काढली. अहवालात १५ ते ४९ वयाच्या बायकांसाठी ५४.२ टक्के छापलंय. माझा आकडा जुळेना. दोन आठवडे मी कोडमधली चूक शोधत होते. शेवटी मार्गदर्शक मॅडमना स्क्रीन दाखवली, तेव्हा त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला: "ही बाई सॅम्पलमध्ये आली कशी?"

मला सांगता आलं नाही. पुढचं सगळं शिक्षण त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना झालं. आरोग्य सर्वेक्षणाच्या विश्लेषणातल्या बहुतेक चुका तो प्रश्न न विचारल्यामुळे होतात. जनवैद्यकशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, नर्सिंग आणि समाजकार्याचे संशोधक, संस्थांमध्ये काम करणारे कार्यकर्ते, ज्यांना हा डेटा पहिल्यांदाच हाताळायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक सूचना आधीच देते. फायलींची आणि रकान्यांची नावं मूळ डेटात रोमन अक्षरांत असतात. इथे त्यांचा उच्चार दिला आहे.

जवळ काय काय हवं

- संस्थेचा ईमेल. वैयक्तिक पत्त्यापेक्षा तो बरा पडतो.
- संशोधनाचं शीर्षक आणि एक-दोन परिच्छेदांचा आराखडा.
- संस्थेच्या एथिक्स कमिटीचं पत्र. डेटा निनावी असल्यामुळे बहुधा 'पूर्ण छाननीतून सूट' एवढंच पत्र मिळतं, पण ते काम सुरू करण्यापूर्वीच घ्या. नंतर मागितलं की अडचण होते.
- आकडेवारीचं सॉफ्टवेअर: स्टाटा, किंवा फुकट हवं असेल तर आर. एसपीएसएस वापरणार असाल तर त्यात 'कॉम्प्लेक्स सॅम्पल्स' हा भाग आहे का ते बघा. तो नसेल तर त्या एसपीएसएसवर हे काम होणार नाही.
- एनएफएचएसची मूळ प्रश्नावली, राष्ट्रीय अहवाल आणि महाराष्ट्राचा अहवाल.
- निदान ८ जीबी रॅम.

१. आधी प्रश्न लिहा, मग फाईल निवडा

एकाच सर्वेक्षणाच्या अनेक फायली असतात. आयआर फाईलमध्ये एक ओळ म्हणजे मुलाखत दिलेली एक स्त्री. एमआर पुरुषांची. पीआरमध्ये घरातला प्रत्येक माणूस, एचआरमध्ये एक ओळ म्हणजे एक घर. केआरमध्ये मुलाखत दिलेल्या आयांची पाच वर्षांखालची मुलं.

पहिला सापळा इथेच आहे. मुलांच्या खुजेपणावर (वयाच्या मानानं कमी उंची) काम करायचं म्हणून बरेच जण केआर उघडतात. पण अहवालातला खुजेपणाचा आकडा पीआर फाईलमधून येतो. ज्या मुलाची आई घरात नाही किंवा हयात नाही, ते मूलही त्यात मोजलेलं असतं. शिवाय आदल्या रात्री त्या घरात झोपलेली मुलंच घ्यायची असतात (एचव्ही१०३). आई नसलेली मुलं गळाली, तर ज्यांची काळजी सगळ्यात जास्त वाटायला हवी तीच मुलं आपल्या तक्त्यातून नाहीशी होतात.

२. परवानगी

डेटा डीएचएस प्रोग्रामच्या (अनेक देशांतल्या लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणांचा अमेरिकी निधीतला कार्यक्रम) संकेतस्थळावरून मिळतो. नोंदणी करायची, प्रकल्पाचा आराखडा लिहायचा, देश आणि फेऱ्या निवडायच्या. अमेरिकी निधी थांबल्यामुळे २०२५ च्या सुरुवातीला हे काम ठप्प झालं होतं. म्हणून अर्जाआधी मुखपृष्ठावरची ताजी सूचना वाचा आणि प्रबंधाच्या वेळापत्रकात मोकळे दिवस ठेवा.

अटींतल्या दोन गोष्टी लोक सर्रास मोडतात. मिळालेली फाईल मित्राला पेन ड्राइव्हवर देता येत नाही, सहसंशोधकाचं नाव अर्जात असावं लागतं. आणि कोणतंही घर किंवा व्यक्ती ओळखण्याचा प्रयत्न करायचा नाही. गावांच्या जीपीएस फायलींसाठी वेगळी परवानगी लागते. त्या फायलींतले बिंदू मुद्दाम सरकवलेले असतात: शहरी २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ५ किलोमीटरपर्यंत आणि थोडे ग्रामीण १० पर्यंत. नकाशावर बिंदू पडला म्हणून तेच गाव, असं समजू नका.

३. सॅम्पल कसं निवडलं, ते कागदावर काढा

या पायरीवर घाई करू नका. संगणक बंद ठेवा आणि अहवालाच्या सुरुवातीचा सॅम्पलिंगचा भाग वाचा.

एनएफएचएस-५ मध्ये ७०७ जिल्हे होते. प्रत्येक जिल्ह्यात ग्रामीण आणि शहरी असे वेगळे कप्पे केले. ग्रामीण कप्प्याचे गावांचा आकार आणि अनुसूचित जाती-जमातींचं प्रमाण बघून आणखी उपकप्पे पाडले. या कप्प्याला स्ट्रेटम म्हणतात. मग २०११ च्या जनगणनेच्या यादीतून खेड्यात गावं आणि शहरात गणनेचे ब्लॉक निवडले. ही पहिली पायरी, आणि निवडलेलं गाव किंवा ब्लॉक म्हणजे क्लस्टर. तिथे घरांची यादी करून त्यातून ठरावीक अंतरानं २२ घरं घेतली. ही दुसरी पायरी. देशभरात अशी ६,३६,६९९ घरं आणि ७,२४,११५ स्त्रिया झाल्या. महाराष्ट्रात ३३,७५५ स्त्रिया.

आता सिंधुदुर्ग आणि पुणे शेजारी ठेवा. २०११ ला सिंधुदुर्गची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती, पुण्याची चौऱ्याण्णव लाखांच्या. जिल्हावार आकडे द्यायचे म्हणून दोन्हीकडे सॅम्पल मात्र साधारण एकाच मापाचं. म्हणजे पुण्यातली एक ओळ सिंधुदुर्गातल्या एका ओळीपेक्षा कितीतरी जास्त बायकांच्या वतीनं बोलते. सगळ्या ओळी सारख्या धरून राज्याची टक्केवारी काढली, तर कोकणातला छोटा जिल्हा पुण्याच्या बरोबरीनं मत देतो. माझ्या आकड्याचं नेमकं तेच झालं होतं.

हा फरक भरून काढणारा रकाना म्हणजे वेट, आयआर फाईलमधला व्ही००५. निवड होण्याची शक्यता जितकी कमी, तितकं वेट जास्त, आणि मुलाखत न मिळालेल्यांसाठीही त्यात दुरुस्ती केलेली असते.

वेटबद्दल तीन गोष्टी लिहून ठेवा:

- रकान्यात दशांश चिन्ह नसतं. १० लाखांनी भागल्यावरच खरं वेट मिळतं.
- वेटची बेरीज देशाच्या पातळीवर सॅम्पलच्या संख्येएवढी बसवलेली असते. त्यामुळे देशाच्या फाईलमध्ये महाराष्ट्राच्या बायकांची वेट लावलेली संख्या ३३,७५५ पेक्षा कितीतरी जास्त दिसेल आणि गोव्याची प्रत्यक्ष मुलाखतींपेक्षा कमी. चूक झाली असं समजून घाबरू नका.
- पुरुषांचं, घराचं आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रश्नांचं वेट वेगवेगळं असतं. हिंसाचाराचे प्रश्न निवडक घरांतल्या एकाच स्त्रीला विचारले जातात, तिथे डी००५ लागतं. हा भाग राज्यापुरताच रचलेला आहे. त्यावरून जिल्ह्याचा आकडा काढू नका.

४. रकाने स्वच्छ करा आणि छापील आकडा आधी जुळवा

आयआर फाईलमध्ये हजारो रकाने असतात. सगळी फाईल उघडाल तर लॅपटॉप अडकेल. लागणारे पंधरा-वीस रकानेच वाचायला सांगा, स्टाटा आणि आर दोन्हींत सोय आहे.

ॲनिमियासाठी व्ही४५७ हा रकाना तयार मिळतो: १ तीव्र, २ मध्यम, ३ सौम्य, ४ नाही. गरोदर स्त्रीला ११ आणि इतरांना १२ ग्रॅमची मर्यादा, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि धूम्रपान यांची दुरुस्ती त्यात आधीच केलेली असते. सापळा आहे रिकाम्या जागांचा. '१, २, ३ असेल तर ॲनिमिया, नाहीतर नाही' असा कोड लिहिलात, तर जिचं रक्त तपासलंच नाही ती बाई निरोगी ठरते. तिला रिकामंच ठेवायचं.

असे इतरही रकाने आहेत. बीएमआय (व्ही४४५) शंभरपटीत लिहिलेला असतो, आणि त्यातून गरोदर व गेल्या दोन महिन्यांत बाळंत झालेल्या बायका वगळायच्या असतात. मुलांच्या उंचीचा झेड-स्कोअरही (त्या वयाच्या प्रमाणित उंचीपासूनचं अंतर) शंभरपटीत असतो, म्हणजे खुजेपणाची रेषा उणे २००. त्यातले ९९९६, ९९९७, ९९९८ हे आकडे 'माप अशक्य किंवा चुकीचं' असं सांगणारे संकेत आहेत. ते सरासरीत घेतलेत तर सगळी मुलं एकदम उंच होतील.

संपत्ती निर्देशांकाचे (व्ही१९०) पाच गट देशभरासाठी पाडलेले आहेत. महाराष्ट्रात प्रत्येक गटात २० टक्के येणार नाहीत. 'राज्यातले सर्वात गरीब २० टक्के' असं त्यावरून लिहू नका.

मग वेट लावून महाराष्ट्राची टक्केवारी काढा. ५४.२ आली पाहिजे. जोवर छापील आकडा जुळत नाही तोवर पुढची एकही पायरी करायची नाही, हा नियम मी आजही पाळते. न जुळण्याची कारणं बहुधा तीनच: फाईल चुकीची, वेट चुकीचं, किंवा छेदातली माणसं चुकीची.

५. सॉफ्टवेअरला सॅम्पलची रचना सांगा

वेटनं टक्केवारी बरोबर आली. पण ती किती खात्रीची, हे अजून कळलेलं नाही. त्यासाठी क्लस्टर आणि स्ट्रेटम सांगावे लागतात.

एका वाडीतल्या २२ घरांचं पाणी एक, रेशन दुकान एक, आशाताई एक, बहुतेकांची पिकंही तीच. त्यांच्या उत्तरांत साम्य असणारच. दहाव्या घरातून मिळणारी माहिती पहिल्या नऊ घरांनी थोडीफार आधीच दिलेली असते. म्हणून त्या घरांतल्या सरासरी २४ शेजारणींच्या मुलाखती म्हणजे राज्यभरातून सुट्या निवडलेल्या २४ बायका नव्हेत. हे नुकसान मोजणाऱ्या आकड्याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. ढोबळ सूत्र असं: क्लस्टरमधल्या माणसांतून एक वजा करा, उरलेल्याला साम्याच्या मापानं गुणा आणि त्यात एक मिळवा. सरासरी २४ बायका आणि साम्य ०.०५ धरलं, तर २३ गुणिले ०.०५ अधिक १, म्हणजे २.१५. मग ३३,७५५ मुलाखतींचं बळ सुमारे १५,७०० सुट्या मुलाखतींएवढं उरतं. ५४.२ टक्क्यांभोवतीची ९५ टक्के मर्यादा (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असतो तो), जी साध्या सूत्रानं ०.५ टक्के आली असती, ती दोन्ही बाजूंना ०.८ टक्के होते. साम्याचं माप इथे मी उदाहरणासाठी धरलंय. तुमच्या विषयाचं सॉफ्टवेअर काढून देईल. एकाच नळाचं पाणी किंवा एकाच केंद्रातलं लसीकरण असे विषय असतील, तर ते पुष्कळ मोठं निघतं.

स्टाटामध्ये 'एसव्हीवायसेट' ही आज्ञा एकदाच द्यायची: क्लस्टर व्ही०२१, स्ट्रेटम व्ही०२२, पी-वेट म्हणून भागून घेतलेलं वेट. नंतर प्रत्येक आज्ञेच्या आधी 'एसव्हीवाय' लावायचं. आरमध्ये थॉमस लमली यांच्या 'सर्व्हे' पॅकेजमध्ये हेच काम 'एसव्हीवायडिझाइन' करतं. स्ट्रेटमसाठी काही फेऱ्यांत व्ही०२३ हा रकाना वापरतात, म्हणून रकान्याचं वर्णन वाचून मगच ठरवा.

कधीकधी एखाद्या स्ट्रेटममध्ये एकच क्लस्टर उरतो आणि स्टँडर्ड एररच्या (आकड्यातल्या अनिश्चिततेचं माप) जागी नुसता ठिपका दिसतो. त्यासाठी स्टाटात 'सिंगलयुनिट'चा 'सेंटर्ड' पर्याय आहे, आरमध्ये 'लोनली पीएसयू'चा 'ॲडजस्ट'. वापरलात तर पद्धती विभागात तसं लिहा.

६. ओळी खोडू नका

फक्त गरोदर बायकांवर काम करायचं, म्हणून बाकीच्या ओळी काढून टाकल्या की काही क्लस्टर पूर्ण नाहीसे होतात. त्या गावात त्या दिवशी गरोदर स्त्री नव्हती, पण गाव निवडलेलं होतंच. ते गेलं की सॉफ्टवेअरला सॅम्पलची रचना अर्धवट दिसते आणि स्टँडर्ड एरर चुकतो. म्हणून सगळ्या ओळी ठेवा आणि 'सबपॉप' हा पर्याय वापरा. आरमध्ये आधी डिझाइन बनवा, मग 'सबसेट' करा. क्रम उलटा झाला की तीच चूक.

राज्यापुरतं मात्र चालतं. स्ट्रेटम जिल्ह्याच्या आत असतात, त्यामुळे महाराष्ट्र ठेवून बाकीची राज्यं काढली तर रचना मोडत नाही. फाईल हलकी करायला हा मार्ग चांगला.

७. तुलना आणि रिग्रेशन

दोन गटांची तुलना करताना साधी काय-स्क्वेअर चाचणी वापरू नका. 'एसव्हीवाय'मधून तक्ता काढलात की राव-स्कॉट दुरुस्ती केलेली चाचणी आपोआप मिळते.

लॉजिस्टिक रिग्रेशनमधला एक सापळा मी प्रकाशित लेखांतही वारंवार बघते. समजा एका गटात ॲनिमिया ६० टक्के, दुसऱ्यात ५० टक्के. ऑड्स रेशो (आजारी भागिले निरोगी या प्रमाणाचं दोन गटांतलं गुणोत्तर) येतो १.५, आणि निष्कर्षात वाक्य येतं: "या बायकांना ॲनिमियाचा धोका दीडपट." प्रत्यक्षात ६० भागिले ५०, म्हणजे १.२ पट. आजार दुर्मीळ असेल तर दोन्ही आकडे जवळ येतात. पण निम्म्याहून जास्त बायकांना असलेल्या आजारात ते फार लांब जातात. माझं मत स्पष्ट आहे: ॲनिमियासारख्या विषयात प्रिव्हलन्स रेशो (दोन गटांच्या टक्केवारींचा भागाकार) द्या. 'एसव्हीवाय'सोबत पॉइसाँ रिग्रेशन चालवलं की तो मिळतो. परीक्षकांना ऑड्स रेशोच हवा असेल तर तोही द्या, पण 'पट धोका' हे शब्द त्याच्याशी जोडू नका.

आणि सर्वेक्षण एकाच वेळचं आहे. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत ॲनिमिया जास्त दिसला, तर कदाचित ॲनिमिया निघाला म्हणूनच गोळ्या दिल्या असतील.

८. जिल्हा आणि दोन फेऱ्यांची तुलना: इथे सगळ्यात जास्त जपा

महाराष्ट्रातले ३६ जिल्हे धरले तर जिल्ह्यामागे सरासरी ९३८ बायका येतात. डिझाइन इफेक्ट १.६ धरला तर ५४ टक्क्यांभोवतीची मर्यादा दोन्ही बाजूंना ४ टक्के होते. दोन फेऱ्यांमधला फरक बघायचा तर ती जवळपास ५.७ होते. म्हणजे आपल्या जिल्ह्यात ॲनिमिया ३ टक्क्यांनी घटला म्हणून कोणी पाठ थोपटून घेत असेल, किंवा ३ टक्क्यांनी वाढला म्हणून कुणाला कारणे दाखवा नोटीस निघत असेल, तर दोन्ही ठिकाणी सर्वेक्षणाकडून ते जे सांगत नाही ते वदवून घेतलं जातंय. जिल्ह्याच्या बैठकीत बसणाऱ्या प्रत्येकानं टक्केवारीसोबत ही मर्यादा मागावी, असं मला मनापासून वाटतं. त्या आकड्यांवर आशा आणि एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) यांच्या कामाचं मोजमाप होत असतं.

जिल्ह्याच्या आतले छोटे गट तर आणखी नाजूक. अहवालात वेट न लावता २५ ते ४९ लोक असतील तर आकडा कंसात छापतात, २५ पेक्षा कमी असतील तर त्याजागी चांदणी असते. तुमच्या तक्त्यातही हेच पाळा.

महाराष्ट्रात फेऱ्यांची तुलना करताना ठाणे लक्षात ठेवा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. एनएफएचएस-४ (२०१५-१६) मात्र २०११ च्या जिल्ह्यांवर आधारलेलं होतं, त्यामुळे त्यातल्या ठाण्यात आता पालघरमध्ये असलेले जव्हार-मोखाडाही येतात. एनएफएचएस-५ मधल्या ठाण्यात येत नाहीत. ठाण्याचा कल दाखवायचा असेल तर पाचव्या फेरीतले ठाणे आणि पालघर एकत्र करून मगच तुलना करा. नावांचंही तसंच: धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर शोधाल तर सापडणार नाहीत, डेटात जुनी नावं आहेत.

दोन फेऱ्यांच्या फायली जोडताना क्लस्टर आणि स्ट्रेटमचे क्रमांक दोन्हीकडे तेच येऊ शकतात. फेरीचा क्रमांक पुढे लावून नवे क्रमांक तयार करा, नाहीतर दोन वेगळी गावं एक होतील.

राज्याच्या पातळीवर बायकांतल्या ॲनिमियाची एनएफएचएस-४ मधल्या ४८.० टक्क्यांवरून एनएफएचएस-५ मधल्या ५४.२ वर झालेली वाढ सॅम्पलच्या चढउतारापेक्षा नक्कीच मोठी आहे. पण मोजण्याची पद्धतही आकडा हलवते, हे विसरू नका. एनएफएचएस-४ मध्ये बोटातल्या रक्तावरून ६ ते ५९ महिन्यांच्या ५८.६ टक्के मुलांना ॲनिमिया निघाला. २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (सीएनएनएस) शिरेतलं रक्त घेतलं, तेव्हा १ ते ४ वर्षांच्या मुलांत तो ४१ टक्के आला. वयोगट किंचित वेगळे आहेत, तरी एवढा फरक नुसत्या वयानं पडत नाही. म्हणून वेगवेगळ्या सर्वेक्षणांचे आकडे एका रेषेवर मांडण्याआधी रक्त कुठून घेतलं ते बघा.

महाराष्ट्राचं पाचव्या फेरीचं काम जानेवारी २०२० पर्यंतच्या पहिल्या टप्प्यात झालं. 'कोविडचा परिणाम' म्हणून हे आकडे वापरता येत नाहीत.

९. लिहिताना

पद्धती विभागात एवढं तरी असावं: कोणती फाईल, कोणतं वेट, क्लस्टर आणि स्ट्रेटमचे रकाने, कोणाला वगळलं आणि का, रिकाम्या नोंदी किती, सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती. तक्त्यात वेट लावलेली टक्केवारी, तिची ९५ टक्के मर्यादा आणि वेट न लावलेली संख्या, तिन्ही द्या.

कोडची फाईल जपून ठेवा, ओळीओळीला मराठीत टिपणं लिहून. सहा महिन्यांनी परीक्षक विचारतात तेव्हा तीच कामी येते. लेख छापून आला की त्याची प्रत डीएचएस प्रोग्रामकडे पाठवायची असते. परवानगीच्या अटींतच ते आहे.